काढणं

या गावात पहिला शब्द शिकले तो कामाचा.
तन्नी. ओढून बाहेर घेणं.
तन्नी दान्त, म्हणत यायचे खाणीतले म्हातारे,
एक हात गालाला, टोपी काखेत,
आणि मी चिमटा पुसत मनात हसायचे :
दन्त आपलाच, फक्त तोंड जरा जास्त उघडलेला.
वेल्समधल्या ब्लायनायच्या उतारावर,
पाटीच्या दगडाच्या ढिगांखाली
अकरा वर्षं दात काढते आहे मी.

बुधवारी दवाखाना लवकर बंद करून
चॅपेलमागच्या खोलीत जाते.
तिथं एलिनेद शिकवते. स्वेटरच्या बाहीला कायम कोळसा.
पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं, तन्नी ल्हीन.
चित्र काढणं.
(ल्ह म्हणताना जीभ टाळूला लावून बाजूनं वारा सोडायचा.
मला आपल्या ल्हच्या जवळपास जमला.
सगळ्यांनी वळून पाहिलं.)
मी म्हटलं, अगं, हे तर आमच्यासारखंच!
आम्हीही दात काढतो तसंच चित्र काढतो,
कोटसुद्धा त्याच शब्दानं काढतो.
मग काढ की कोट, ती म्हणाली, हीटर लावलाय.

समोर खुर्चीत हेविन.
चाळीस वर्षं दगड चिरलेली बोटं गुडघ्यांवर पसरून,
जणू तीही कुणीतरी तिथं ठेवून गेलंय.
त्याचे खालचे तीन दात मीच काढलेत.
जबडा आतून मला पाठ आहे,
बाहेरून मात्र येईना.
थेट ओढू नकोस, एलिनेद मागून म्हणाली,
आधी सैल कर, मग येईल.
हेच वाक्य मी रोज सांगते
हाताखालच्या नव्या पोरीला.

बोग्लार्का कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून येते.
तिच्या हंगेरियनमधला शब्द म्हणे जर्मनांकडून आला,
मुळात फाडणं, ओरखडणं.
हे तिनं फोनवरून वाचून दाखवलं
आणि समोरचा कागद फाडला. चौथा.
मी भाषेशी प्रामाणिक आहे, म्हणाली.

गियाथ होम्सचा. खाली चौकात केस कापतो, फार बोलत नाही.
खूप विचारल्यावर म्हणाला, रस्म.
(आमच्या रीतिरसमीतला रसम, तोच हा.)
पेन्सिलीला टोक करत राहिला, मग टोक मोडल्यावर म्हणाला :
तांडा उठून गेला की वाळूत जे राहतं
त्यालाही जुने लोक रस्मच म्हणायचे.
चुलीची काळी जागा. खुंट्यांचे खळगे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी खुर्ची रिकामी.
हेविनला बॅंगरच्या इस्पितळात नेलं होतं. छाती.
इतक्या वर्षांची दगडाची पूड आत.
एलिनेदनं हीटर खुर्चीकडे वळवला, सवयीनं,
आणि तसाच राहू दिला.
काढा, म्हणाली.
काय काढायचं ते कुणी विचारलं नाही.

गियाथनं खुर्ची काढलीच नाही.
उशी जिथं दबली होती तेवढीच काढली,
आणि फरशीवर, गेल्या बुधवारच्या,
बुटांच्या टाचांचे दोन राखाडी अर्धे गोल.
बोग्लार्काचा कागद अख्खा राहिला.
मी समोर नसलेला जबडा काढत बसले.
पहिल्यांदाच आला तो, बाहेरून.
ओठ मिटलेले होते, तरी कळत होतं
आत कुठं तीन जागा मोकळ्या आहेत.

दिवे मालवताना एलिनेदनं विचारलं,
तू डॉक्टर आहेस ना? तो हा हिवाळा...
पुढचं क्रियापद तिला सुचेना, की नको होतं.
दातांचीच गं मी, म्हटलं.
पण माझ्याकडे ते क्रियापद तयार होतं, तेच ते,
दाताचं, कोटाचं.
काढेल, म्हटलं. मराठीतच म्हटलं.
तिनं मान हलवली
आणि खुंटीवरचा माझा कोट माझ्या हातात दिला.